वाळवीमास्तर आणि समोरची घरघर

धडधाकट लाकूड दिसलं की मास्तरांचं तोंड कडू व्हायचं. वखारीत बाकीची गिऱ्हाईकं गाठ नसलेली, सरळ रेषांची फळी पारखून घेत आणि मास्तर मागच्या अंगाला, जिथं टाकाऊ माल लोटलेला असायचा, तिथं उकिडवे बसून ओंडक्यांची विचारपूस करत असायचे. भुंग्यानं पोखरलेला, पाण्यानं काळा पडलेला, एका टोकाला बुरशीची टोपी घातलेला ओंडका हाती लागला की हरवलेलं पोर सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळायचा. वखारवाला असला माल त्यांना फुकट द्यायचा, वर उचलायला दोन माणसंही द्यायचा. आपली अडगळ गेली म्हणून तो खूश, रत्न मिळालं म्हणून मास्तर खूश. दोन्ही बाजू एकमेकांना मूर्ख समजतात असा हा सौदा सव्वीस वर्षं बिनतक्रार चालला होता.

गल्लीत त्यांना वाळवीमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठ फिरली की पूर्ण. त्यातलं मास्तरपण खरं होतं. तरुणपणी अकरा वर्षं ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे. एकदा त्यांनी वर्गातल्या टेबलावर एक सफरचंद ठेवलं आणि मुलांना सांगितलं, रोज हेच काढायचं. पहिल्या आठवड्यात मुलांनी लाल रंग वापरला, दुसऱ्यात तपकिरी. तिसऱ्यात मुलं नाकाला रुमाल बांधून काढू लागली, आणि मास्तर बाकांमधून फिरत सांगू लागले की आत्ता कुठं फळात जीव आला. चौथ्या आठवड्यात हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, सफरचंद जाणार की तुम्ही. मास्तर गेले. जाताना सफरचंदही घेऊन गेले.

त्यानंतर त्यांनी घरामागच्या अंगणात मूर्तिकाम मांडलं. रीत अशी की आधी छिन्नीनं माणूस कोरायचा, नखं, पापण्या, शर्टाच्या चुण्या, काही म्हणता काही सोडायचं नाही. आणि एवढी मेहनत झाली की तो माणूस उघड्यावर ठेवून द्यायचा. उन्हात तडकू द्यायचा, पावसात भिजू द्यायचा, पायाशी वाळवीला बिऱ्हाड करू द्यायचं. 'अर्धं काम माझं, अर्धं तिचं,' ते सांगायचे. 'फक्त ती सहीसाठी भांडत नाही.' एक टीकाकार येऊन गेला आणि त्यानं वर्तमानपत्रात लिहिलं की या मूर्तींमध्ये काळ स्वतः बोलतो. बाईंनी ते कात्रण वाचलं. काळ बोलतो ते ठीक, म्हणाल्या, पण अंगण झाडायला येत नाही.

बाई म्हणजे मास्तरांची बायको. दुकानांचे पडदे, गाद्यांच्या खोळी, गाड्यांची आच्छादनं असलं जाडंभरडं शिवणकाम त्या करायच्या आणि घर त्यांच्या शिवणयंत्रावर चालायचं. मास्तरांचा यंत्रांवर भारी राग, पण हे एक यंत्र त्या रागातून वगळलेलं. ते पायाचं आहे, त्यात माणूस आहे, असं ते म्हणत. आहे ना, बाई म्हणायच्या, आणि त्या माणसाचे गुडघे दुखतात.

मूर्ती कुजवायला कुणीही कुजवील. मास्तरांची कारागिरी होती ती कुजणं नेमकं कुठं थांबवायचं यात, आणि हे ते डोळ्यांनी नाही, कानानं ठरवायचे. हा कान वडिलांकडून आलेला. वडील वाद्यं दुरुस्त करायचे. वाद्य उघडण्याआधी ते त्याच्या पोटावर बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि भेग कुठं आहे ते सांगायचे. 'वाद्याला कुठं दुखतं ते वाद्यच सांगतं,' त्यांचं म्हणणं, 'आपण फक्त मध्ये बोलायचं नाही.' गेले तेव्हा मुलासाठी मागं राहिला एक नादकाटा. पोलादाचा, दोन दातांचा. दगडावर आपटला की एकच बारीक, स्वच्छ सूर देणारा.

रोज सकाळी सात वाजता मास्तर अंगणात जायचे. नादकाटा पायरीवर आपटून कानाशी धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी हातोडीनं मूर्तीच्या छातीवर एक टोला द्यायचे. ताजं लाकूड टण्ण वाजतं. कुजू लागलं की ठक. आणि मग एक दिवस असा येतो की तो ठक उतरत उतरत काट्याच्या सुराखाली अलगद येऊन बसतो, पाटावर बसावं तसा. त्याच दिवशी मूर्ती आत घ्यायची, वाळवायची, मेण चोळून वाळवीला निरोप द्यायचा. आठवडाभर उशीर झाला की आवाज येतो धप, आणि मग ती मूर्ती राहत नाही, खत होतं. सव्वीस वर्षांत अशी बरोबर दिवशी आत आलेली माणसं अकरा. बाकीच्यांनी बागेतली फुलं चांगली फुलवली.

अंगणात आता उरला होता म्हातारा. वडीलच ते. एका पेटीसारख्या वाद्यावर वाकलेले, कान तिच्या लाकडाला टेकवलेला, डोळे मिटलेले, एक पेर ठोकायच्या बेतात. जुन्या पुलाच्या खांबातून मास्तरांनी तो कोरला त्याला नऊ वर्षं झाली होती. सगळ्यांत जाड लाकूड, सगळ्यांत सावकाश पिकणारं. हा जुळला की मी सुटलो, मग हातोडी खुंटीला, असं मास्तर म्हणायचे आणि बाईंना ते खरं वाटायचं, कारण दुसऱ्या कुठल्याच मूर्तीशी ते सकाळी बोलत नसत.

तीन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडचा दोरखंडाचा जुना कारखाना पाडला आणि तिथं एक बिनखिडक्यांची इमारत उभी राहिली. आत काय आहे हे मास्तरांना मेव्हण्यानं सांगितलं. हा बाईंचा धाकटा भाऊ. धंदा यंत्रं विकण्याचा. बाजारात नवं काही आलं की आधी ते त्याच्या खिशात असायचं आणि मग आठवडाभर त्याच्या तोंडात. तो म्हणाला, आत माणसं जवळजवळ नाहीतच, कपाटंच्या कपाटं यंत्रं आहेत, आणि जगभरातल्या लोकांचे फोटो, पत्रं आणि भांडणं त्यात साठवलेली आहेत.

'त्यातलं कुजतं काय काय?' मास्तरांनी विचारलं.

'काहीच नाही, दाजी. जसंच्या तसं राहतं. कायमचं.'

रस्त्याच्या अलीकडे आपण नऊ वर्षं एका म्हाताऱ्याच्या पिकण्याची वाट पाहतोय, आणि पलीकडे लोकांची फालतू भांडणं अमर होताहेत. हे काही त्यांना सोसवेना. शेजार वाईट मिळाला, एवढंच ते बोलले, पण त्या दिवसापासून त्यांनी अंगणातली आपली बसायची खुर्ची फिरवून ठेवली.

इमारतीतली यंत्रं तापतात म्हणून तिच्या पाठीला मोठाले पंखे होते आणि ते घरघरायचे. पहिले काही महिने ती घरघर साऱ्या गल्लीला यायची. मग कंपनीनं पंख्यांभोवती जाड भिंती घातल्या आणि लोक विसरून गेले. मास्तरांची घरघर मात्र कमी व्हायचं नाव घेईना. उलट वाढली. जेवताना, अंघोळ करताना, सकाळी म्हाताऱ्याशी बोलताना, कानात सतत एक बारीक किर्रर्र. नादकाटा आपटून कानाशी धरला तर त्याचा सूर त्या घरघरीत बुडून जायचा, आणि सूरच ऐकू येईना तर टोला त्याच्याशी जुळला की नाही हे कळणार कसं? अजून जुळत नाही, मास्तर म्हणायचे, आणि म्हातारा आणखी एक पावसाळा अंगणात राहायचा.

एका सकाळी बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगितलं, 'अहो, पिकलंय की ते. आत घ्या.'

सव्वीस वर्षं त्या खिडकीतून त्यांनी रोजचा टोला ऐकला होता, कांदा चिरता चिरता. पण मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. तू तुझ्या खोळी शीव, म्हणाले. बाईंनी खिडकी लावून घेतली. त्यानंतर दोन पावसाळे गेले.

मास्तरांनी कंपनीला पत्रं लिहायला घेतली. पहिल्या पत्रात विनंती होती, चौथ्यात शाप. सातव्या पत्राची गल्लीत कुणकुण लागली आणि वकीलकाका धावून आले. वकीलकाका वकील नव्हते. न्यायालयात कारकून होते, पण निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी पक्षकार मिळत नव्हता. त्यांनी कृती समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि मास्तरांना 'पीडित क्रमांक एक' केलं. मग बैठका सुरू झाल्या. बैठकीत ज्याला त्याला आपापली पीडा आठवू लागली. एकीच्या मांजरानं उंदीर धरणं सोडलं होतं. एकाचे केस गळत होते. ते इमारतीच्या आधीपासून गळत होते, पण आता जोरात. बेकरीवाला म्हणाला, माझा पाव पूर्वीसारखा फुगत नाही. बेकरीवाल्याचा पाव कधीच फुगत नसे, हे गल्लीला पाठ होतं, तरी सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक मास्तरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागले होते. मास्तरांना ते आवडत होतं हे बाईंनी पाहिलं, म्हणून त्यांनी जीभ आवरली.

आणि त्यांच्या जिभेवर बरंच होतं. चहाची किटली शिट्टी मारून मारून दमायची तरी मास्तर तिच्या शेजारी पेपर वाचत बसायचे. रेडिओ असा लावायचे की भिंतीपलीकडची बाई बातम्यांसाठी आपला रेडिओ बंद ठेवायची.

कंपनीचा व्यवस्थापक शेवटी स्वतः आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला, साधासरळ माणूस. त्यानं आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं. ते त्यानं मास्तरांच्या अंगणात धरलं, आकडा दाखवला आणि अजिजीनं म्हणाला की समोरच्या झाडातल्या पाखरांचा आवाज यापेक्षा जास्त आहे.

'यंत्राची साक्ष यंत्रानं द्यायची,' मास्तर म्हणाले. 'म्हणजे चोराच्या भावाला विचारायचं, चोरी कुणी केली.'

वकीलकाकांनी हे वाक्य लगेच वहीत उतरवून घेतलं. व्यवस्थापक बिचारा घाम पुसत राहिला आणि मग त्यानंच तोड काढली. रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटांसाठी सगळे पंखे पूर्ण बंद करू. त्याहून जास्त थांबवता येणार नाहीत, नाहीतर आतली यंत्रं जळतील. गल्लीनं यावं, ऐकावं, आणि फरक काय तो सांगावा.

रविवारी सगळी गल्ली धुतलेले कपडे घालून रस्त्यावर आली. इमारतीच्या मागच्या फाटकाशी गर्दी झाली. मास्तरांना पुढं उभं केलं होतं. बाई मागं, फाटकाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. दहा वाजता व्यवस्थापकानं आत खूण केली आणि हात वर धरून सांगितलं, बंद.

लोकांनी कान टवकारले. मास्तरांनी डोळे मिटले. किर्रर्र जशीच्या तशी. खरं तर जरा जास्तच. ते चवताळले.

'ऐका,' बोट वर करून ते म्हणाले. 'चालूच आहे. आपल्याला खुळ्यात काढताहेत.'

मग वकीलकाकांनी डोळे मिटून मान डोलवली. 'येतोय. स्पष्ट येतोय.' अध्यक्षांना येतोय म्हटल्यावर उपाध्यक्षांना न येऊन कसं चालेल? त्यांनाही आला. बेकरीवाला म्हणाला, मला डाव्या कानात येतोय, उजव्यात कमी. मांजरवाल्या बाईंना तो टाचांतून वर चढताना जाणवला. पाच मिनिटांत निम्म्या गल्लीला बंद पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली, आणि उरलेल्या निम्म्या गल्लीला आपल्या कानांची शंका येऊ लागली.

व्यवस्थापक रडकुंडीला आला. त्यानं मास्तरांचा हात धरला आणि म्हणाला, तुम्ही या, तुम्हीच बघा. फाटकातून आत नेऊन त्यानं त्यांना पंख्यासमोर उभं केलं. माणसाच्या दुप्पट उंचीचा पंखा. पाती स्थिर, एका पात्यावर पाखराची विष्ठा वाळलेली स्वच्छ दिसत होती. मास्तरांचा विश्वास बसेना. त्यांनी त्या पोलादी चौकटीवर तळवा ठेवला.

डोळ्यांना फसवता येतं, पण मास्तरांच्या तळव्याला नाही. लाकडाच्या आत भुंगा चालला तरी त्या तळव्याला कळायचं. आणि तळवा म्हणाला, इथं काही हलत नाही. कुठंच काही हलत नाही. चौकट मढ्यासारखी गार आणि स्तब्ध होती. आणि कानातली घरघर मात्र आपल्या जागी तशीच, एका सुरात.

मास्तरांनी मागं वळून पाहिलं. फाटकाशी बाई उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलत होत्या. दहा पावलांवरून. मास्तरांना शब्द आला नाही, नुसते ओठ दिसले. सव्वीस वर्षांच्या संसारात ते ओठ वाचायला शिकले नसते तरच नवल. बंद आहे हो, असं त्या म्हणत होत्या.

ते बाहेर आले तसे सगळे त्यांच्याभोवती जमले. काय मास्तर, काय? मास्तर एक अक्षर न बोलता गर्दीतून वाट काढत घराकडे चालू लागले. वकीलकाकांनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे हात केला आणि लोकांना सांगितलं की बघा, अन्यायानं माणसाची वाचा गेली. लोकांनी घोषणा दिल्या.

बाई घरी आल्या तेव्हा मास्तर अंगणात म्हाताऱ्याच्या पायाशी बसले होते. नादकाटा पायरीवर आपटत होते आणि कानाशी धरत होते. काट्याचे दात थरथरताना डोळ्यांना दिसत होते. पुन्हा आपटला, पुन्हा धरला, दुसऱ्या कानाशी धरला. बाईंनी चपला काढल्या आणि शेजारी बसल्या.

'कधीपासून?' मास्तरांनी विचारलं.

'मला कळून दोन वर्षं झाली.'

'मग बोलली का नाहीस?'

'बोलले. तुम्ही म्हणालात, समोरच्या इमारतीमुळं ऐकू आलं नाही.'

मास्तरांनी काटा पायरीवर ठेवून दिला. बाईंच्या मनात दया होती, पण दोन वर्षांचं साचलेलंही होतं आणि ते आधी बाहेर आलं. 'जन्मभर झिजल्या-कुजल्याचे गोडवे गायलात,' त्या म्हणाल्या. 'सफरचंदापायी नोकरीवर पाणी सोडलंत. आणि आपला कान जरा पिकला तर सगळ्या गल्लीला कामाला लावलंत.'

मास्तर चार दिवस अंगणात फिरकलेच नाहीत. पाचव्या दिवशी मात्र त्यांनी जे केलं त्यानं बाईंच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी मेव्हण्याला बोलावून आणायला सांगितलं. यंत्रासकट.

मेव्हणा या दिवसाची दहा वर्षं वाट पाहत होता. शेंगदाण्याएवढं कानातलं यंत्र त्यानं मखमली डबीतून असं काढलं की जणू अंगठीच घालतोय. कानात बसवलं, फोनवर दोन-चार बोटं फिरवली आणि मास्तर दचकले. मेव्हण्याच्या श्वासाचा आवाज येत होता. तो गिळत होता तो आवाज येत होता. 'हुशार यंत्र आहे, दाजी,' तो सांगू लागला आणि एकेक शब्द खणखणीत कानात पडू लागला. 'माणसाचं बोलणं तेवढं उचलतं, बाकीचा गोंगाट गाळून टाकतं.'

मास्तर तडक अंगणात गेले. म्हाताऱ्याच्या छातीवर टोला दिला. काही नाही. जोरात दिला. यंत्रानं तो टोला तोंडातल्या तोंडात गिळून टाकला. यंत्र नसताना निदान बोथट का होईना ठक यायचा, आता तोही गेला. आणि पाठीमागून मेव्हणा बॅटरी किती दिवस चालते ते सांगत होता, त्यातला एक स्वल्पविरामही हरवत नव्हता.

मास्तरांनी यंत्र काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. 'लाकूड बोललं की गोंगाट आणि तू बोललास की बोलणं. हे ठरवलं कुणी?'

'कंपनीनं.'

'कंपनीनं तुझं बोलणं ऐकलंय का कधी?'

मेव्हण्याला राग आला नाही. सेटिंग बदलून आणतो म्हणाला आणि तिथंच पायरीवर बसून फोनमध्ये डोकं घातलं. मास्तर हातोडी धरून उभे राहिले. आता कुणावर ढकलावं असं काही उरलं नव्हतं. पंखे बंद होते, ते तळव्यानं पाहिलं होतं. यंत्र आणून झालं होतं. म्हातारा आपला वाकून उभा, कान पेटीला टेकवून, आणि त्याच्या आत काय चाललंय हे त्याच्या मुलाला कळत नव्हतं. खिडकीत बाई होत्या. मास्तर खिडकीपाशी गेले. हातोडी त्यांनी उलटी धरली होती, दांडा बाईंकडे करून.

'तू ठोकून बघ,' ते म्हणाले. आणि मग, हे त्यांना फार जड गेलं, 'कसा वाजतो तो, मला सांग.'

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. हातोडी कशी धरायची हे त्यांना सांगावं लागलं नाही. सव्वीस वर्षं पाहिलं होतं. त्यांनी छातीवर एक टोला दिला, मान कलती करून ऐकलं. मग पाठीवर. मग खांद्यावर तीन वेळा. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, दवाखान्यात डॉक्टरकडे बघावं तसे.

'छाती ठक आहे अजून. पाठ काठावर आलीय. खांदा बहुतेक उद्यापर्यंतच टिकेल.' मग त्यांनी पेटीवर टोला दिला आणि हातोडी खाली केली.

'पेटी?'

'गेली.'

'गेली म्हणजे?'

'धप.'

मास्तरांनी पेटीच्या फळीवर अंगठा दाबला. अंगठा मुळापर्यंत आत गेला, ओल्या केकमध्ये जावा तसा. ओढून काढला तर कडेची फळी सुटली, तिच्यामागं दुसरी, आणि नऊ वर्षांपूर्वी एकेक खिळा कोरून काढलेलं ते वाद्य तपकिरी भुगा होऊन म्हाताऱ्याच्या पायाशी सांडलं. वाळवी इकडे-तिकडे पळू लागली. म्हातारा मात्र हलला नाही. तसाच वाकलेला, पेर ठोकायच्या बेतात, कान लावलेला. कान ज्याला लावला होता तेवढंच नव्हतं.

'दोन पावसाळ्यांपूर्वी सगळा एकदम जुळला होता,' बाई हळूच म्हणाल्या. मास्तरांनी ते ओठांवर वाचलं आणि नजर वळवली. मेव्हण्यानं फोनमधून डोकं काढलं आणि सांगितलं की पेटी हुबेहूब करून देणारी मशीन आहे, फोटो दिला की झालं, आणि ती कधी कुजणार नाही. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं सगळं ज्ञान खिशात गेलं.

'खांदा उद्या जाईल,' त्या मास्तरांना म्हणाल्या, या वेळी समोर उभ्या राहून, सावकाश. 'रडायचं असेल तर आत नेऊन रडा.'

तिघांनी मिळून म्हातारा आत ओढला. मेण चोळायला चार दिवस लागले.

पत्र मास्तरांनी पाचव्या दिवशी लिहिलं. कंपनीला लिहिलेलं हे विसावं. आधीच्या पत्रांना चार-चार पानं लागली होती, याला एक ओळ पुरली. 'आपले पंखे त्या दिवशी बंद होते. आवाज माझ्या कानातला आहे.' उलट टपाली कंपनीच्या यंत्रानं कळवलं की तुमची तक्रार नोंदवली असून आवाज कमी करण्याचा प्रयत्न चालू आहे. मास्तरांनी ते उत्तर दोनदा वाचलं. होऊ दे यश, म्हणाले.

कृती समितीला ते एका ओळीचं पत्र काही पचलं नाही. वकीलकाकांनी तातडीची बैठक घेतली आणि पीडित क्रमांक एकला कंपनीनं फोडल्याचा ठराव झाला. पुरावा काय, तर मास्तरांच्या घरी यंत्र आलं होतं, मखमली डबीतून, हे बेकरीवाल्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मास्तर नसतील तर नसोत, आम्हाला येतो आवाज, असं ठरलं. आणि खरंच येत होता. काहींना तर आता पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागला होता. बेकरीवाल्याला दोन्ही कानांत.

पुढच्या रविवारी दहा वाजता समितीचा मोर्चा निघाला तो मुद्दाम मास्तरांच्या घरावरून. त्या वेळी मास्तर मागच्या अंगणात होते. वखारीतून नवा ओंडका आला होता, निम्मा भुंग्यांनी खाल्लेला. कोरायच्या आधी आतून किती शिल्लक आहे ते बघणं चाललं होतं. हातोडी बाईंच्या हातात आणि मास्तर दोन्ही तळवे लाकडाला लावून बसलेले. तळव्यालाही थोडं कळू लागलंय असं ते सांगत. बाई म्हणायच्या, कळतं असं म्हणा, मी नाही म्हणत नाही.

घराच्या पलीकडून गलका आला. मास्तरांना काहीतरी दबकं जाणवलं आणि त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

'कोण ओरडतंय?'

'गल्ली. तुमच्या नावानं. फितूर म्हणताहेत.'

मास्तरांनी थोडा विचार केला. 'सुरात आहेत?'

बाईंनी हातोडी खाली करून नीट ऐकलं. 'वकीलकाका वर निसटलेत. बाकीचे सगळे खाली. बेकरीवाला त्यातल्या त्यात बरा आहे.'

'मग राहू दे त्यांना बाहेर,' मास्तर म्हणाले. 'पिकायला वेळ आहे.'

आणि तळवे पुन्हा ओंडक्यावर टेकवून त्यांनी मान हलवली, म्हणजे ठोक.